लुळ्या बाजूला उभी राहणारी

धम्मदिनाला नोकरी लागली ती सासूच्या गुडघ्यांमुळे, असं तिचा नवरा रवींद्र चेष्टेनं म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दोन हजार चार साल असेल. शांताबाईंच्या गुडघ्यांनी त्या वर्षी अगदी छळ मांडला होता. खाली बसल्या तर उठता येईना, उठल्या तर पहिली दोन पावलं टाकता येईनात. खारबावात त्यांच्या शेजारणीनं सांगितलं, भिवंडीच्या निजामपुऱ्यात एक नवीन दवाखाना निघालाय, तिथं गोळ्या देत नाहीत, शेक देतात. धम्मदिना तेव्हा घरीच होती. लग्नानंतर काही वर्षं ती एका लूमच्या कारखान्यात कांडीवर सूत भरायला जायची, पण तो कारखाना मंदीत बसला तो बसलाच. तेव्हा सासूला घेऊन सहा आसनी रिक्षातून भिवंडीला जायचं काम तिच्याकडे आलं.

दवाखाना कसला, तळमजल्यावरचं एक लांबट गोदाम होतं. पूर्वी तिथं कापडाचे तागे ठेवत. आता मध्ये पडदे लावून चार खाटा टाकल्या होत्या, भिंतीला लाकडी शिडीसारखे दांडे ठोकले होते आणि कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी होती. पलीकडच्या भिंतीमागे दिवसभर लूम चालत, त्यामुळे सगळ्यांना जरा वरच्या आवाजात बोलावं लागे.

तिथली डॉक्टर मृणाली भोईर धम्मदिनापेक्षाही लहान होती. खाडीकाठच्या आगरी घरातली मुलगी, मुंबईला शिकून आलेली. ठाण्यात दवाखाना काढ, असं घरचे सांगत असताना ती हट्टानं इथं येऊन बसली होती. लोक तिला पाठीमागे ‘मालिशवाली डॉक्टरीण’ म्हणत. तिच्या कानावरही ते जाई, पण ती मनावर घेत नसे.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेची गोष्ट. शांताबाईंच्या गुडघ्यांना शेक चालू होता आणि धम्मदिना बाकावर बसली होती. शेजारच्या खाटेवर बुरख्यातली एक म्हातारी कंबरेचा शेक संपवून खाली उतरायला बघत होती. एक पाय खाली लोंबकळतोय, दुसरा चादरीत अडकलेला. डॉक्टर पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतलेली. धम्मदिना उठली, पायाखाली स्टूल सरकवलं आणि म्हातारीच्या पाठीमागून हात घालून म्हणाली, “आराम से, खाला. पहले ये वाला पाँव. मैं पकडी हूँ ना.” कांडीखात्यात असताना तिच्या आजूबाजूला सगळ्या उत्तरेकडच्या बायका, हिंदी तिच्या तोंडात तेव्हाच बसली होती.

म्हातारी उतरली. पडदा बाजूला झाला तेव्हा मृणाली तिथंच उभी होती.

“इथं काम कराल का?” तिनं विचारलं. “बायका पेशंट खूप येतात. मला एकटीला पुरं पडत नाही.”

“मॅडम, मी नववीपर्यंतच शिकलेय.”

“बाकीचं इथं शिकाल.”

शांताबाई खाटेवरून म्हणाल्या, “घे गो. नाहीतरी माझ्याबरोबर यायचंच हाय तुला.”

सुरुवातीचं काम झाडलोटीचं. सकाळी फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, टाकीत पाणी भरायचं, शेकाच्या पिशव्या चिमट्यानं काढून टॉवेलात गुंडाळून द्यायच्या. आपण एवढंच करायचं, असं धम्मदिनाला वाटत होतं. पण मृणालीचा बेत वेगळा होता. एका दुपारी पेशंट नव्हते, तर तिनं धम्मदिनाला खाटेवर झोपायला लावलं आणि तिच्या हाताला करंटच्या मशीनचे पट्टे लावले. धम्मदिनाच्या जिवाचं पाणी झालं.

“घाबरू नका. मुंग्या आल्यासारखं वाटेल. पेशंटला जे द्यायचं ते आधी आपल्या अंगावर घेऊन बघायचं, म्हणजे तो ‘पुरे’ म्हणतो तेव्हा का म्हणतो ते कळतं.”

तेव्हापासून हा पायंडाच पडला. शेक किती गरम, ताण किती द्यायचा, कंबरेचा पट्टा कुठं आवळला की श्वास अडतो, हे सगळं धम्मदिना आधी स्वतः सोसायची. स्नायूंची इंग्रजी नावं तिच्या डोक्यात टिकत नसत. मग मृणाली मराठीत सांगायची, मांडीचा पुढचा, मांडीचा मागचा, पोटरीचा, आणि बोटानं दाबून दाखवायची. रात्रीच्या जेवणाआधी धम्मदिना सासूला बाजेवर झोपवून तोच धडा गिरवी. शांताबाई वैतागत. “माझे पाय हायेत का तुझी पाटी?” असं म्हणत, पण पाय मागे घेत नसत. आणि रोजच्या त्या उजळणीनं त्यांचे गुडघे खरंच मोकळे व्हायला लागले, हे त्यांनी शेजारणीला सांगितलं, सुनेला नाही.

चुका व्हायच्याच. पेशंट समोर बसला की त्याचा डावा कुठला आणि उजवा कुठला, यात धम्मदिनाचा गोंधळ उडे. एकदा तिनं लूमच्या कारखान्यात मेहतागिरी, म्हणजे हिशेबाचं काम करणाऱ्या एका गृहस्थाच्या दुखऱ्या गुडघ्याऐवजी चांगल्याच गुडघ्याला शेक दिला. तोही गपचूप पडून राहिला. शेवटी मृणालीनं विचारलं तेव्हा म्हणाला, “बरं वाटत होतं, म्हणून बोललो नाही.” त्या दिवशी मृणाली हसली. पण प्रत्येक चूक हसण्यावारी जाणारी नसते, हे धम्मदिनाला पुढच्या हिवाळ्यात कळलं.

राहीबाई आल्या त्या गाडीतून, दोघांनी उचलून. खारबावच्या अलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. वय साठीच्या पुढचं, अंगानं थोराड. त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गाणारी बाई लागते, आणि त्या पट्ट्यात राहीबाईंना बोलावल्याशिवाय लग्न लागत नसे. दिवाळीनंतर एका सकाळी त्या चुलीपाशी कोसळल्या. डावी बाजू पूर्ण गेली. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलणं समजत होतं. मुलगा प्रितम त्यांना मोठ्या इस्पितळातून थेट मृणालीकडे घेऊन आला.

मृणालीनं धम्मदिनाला शेजारी उभं करून सगळं दाखवलं. “अर्धांग झालेल्या माणसाच्या चांगल्या बाजूला कधी उभं राहायचं नाही. चांगली बाजू स्वतःला सांभाळते. आपण लुळ्या बाजूला उभं राहायचं, पडलं तर माणूस तिकडेच पडतं. आणि हा हात,” तिनं राहीबाईंचा डावा हात कोपराखालून अलगद उचलला, “हा कधी ओढायचा नाही. याला धरून उठवायचं नाही. खांद्याचे स्नायू झोपलेत, नुसत्या ओढीनं सांधा सुटतो. उठवायचं ते कंबरेच्या पट्ट्याला धरून.”

धम्मदिनानं मान हलवली. तिला सगळं कळलं होतं. पण डोक्यात शिरलेलं हातात उतरायला वेळ लागतो.

काही आठवड्यांनी, सकाळभर गेलेली वीज दुपारी आली आणि सगळे पेशंट एकदम आले. कुणाला शेक हवा, कुणाचा करंट संपला, कुणी पाण्यासाठी हाका मारतंय. राहीबाई खुर्चीवर होत्या, त्यांना खाटेवर घ्यायचं होतं. मृणाली येईपर्यंत थांबायचं, हे ठरलेलं. धम्मदिना थांबली नाही. पट्टा पलीकडच्या खाटेवर राहिला होता. तिनं राहीबाईंचा डावा हात धरला आणि ‘उठा आजी’ म्हणून ओढला.

राहीबाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडून नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज निघाला आणि चेहरा पांढरा पडला. मृणाली धावत आली. तिनं खांदा चाचपला, हात गळ्यात बांधला, गार पाण्याची पट्टी ठेवली, प्रितमला बाजूला नेऊन काय झालं ते स्पष्ट सांगितलं. धम्मदिना भिंतीला टेकून उभी होती.

पेशंट गेल्यावर मृणाली म्हणाली, “मी सांगितलं होतं.”

“हो मॅडम.”

“मग?”

“घाई झाली.”

“घाई आपली होती. खांदा त्यांचा दुखावला.” तिनं पलीकडच्या खाटेवर राहिलेला पट्टा उचलून खुर्चीवर ठेवला. मग म्हणाली, “गर्दीच्या वेळी तुम्हाला एकटीला त्यांच्याजवळ सोडलं, ती चूक माझी. तुमची चूक तुमच्याजवळ ठेवा. उद्या येताना ती घरी विसरून येऊ नका. आणि उद्या येणारच नाही, असंही करू नका.”

खरं तर धम्मदिनाच्या मनात तेच होतं. घरी आल्यावर ती रवींद्रला म्हणाली, “मला न्हाय जमायचं. माणसाच्या शरीराशी खेळ हाय हा. कांडीवरचं सूत तुटलं तर जोडता येतं.” रवींद्र गोदामात माल चढवायचं काम करायचा, तो फार बोलणारा नव्हता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू न्हाय गेलीस तर त्या म्हातारीचा खांदा बरा होनार हाय का?”

ती गेली. पण प्रितमनं बजावलं होतं, ही बाई माझ्या आयेजवळ नको. मृणालीनंही ते मानलं. राहीबाई आल्या की धम्मदिना पडद्यापलीकडे चादरी धूत बसे. त्यांचं कण्हणं कानावर येई तेव्हा तिचे हात पाण्यात थांबत.

त्याच दिवसांत दुपारच्या सुट्टीत मृणालीनं नवा उद्योग सुरू केला. ती स्वतः राहीबाई व्हायची. डावा हात लोंबता टाकायची, सगळा भार खुर्चीत सोडायची आणि म्हणायची, “उठवा मला.” धम्मदिना पट्टा बांधायची, गुडघे वाकवायची, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला अडवायची. जरा चुकलं की मृणाली मुद्दाम कोसळायची. दोघी फरशीवर पडायच्या. उठून पुन्हा. डॉक्टर झालेली ही मुलगी, आपला डबा तसाच झाकून ठेवून, एका नववी शिकलेल्या बाईसाठी रोज जमिनीवर आपटून घेतेय, हे धम्मदिनाला आधी अवघड वाटलं. मग तिनं अवघडणं सोडलं आणि शिकायचं मनावर घेतलं. हळूहळू पट्टा बांधायला तिला बघावं लागेना. गर्दी कितीही असो, हात आपोआप कोपराखाली जाऊ लागला.

एके दिवशी पडद्याआडून राहीबाईंचा जड आवाज आला. “ती खारबावची पोर कं न्हाय येत गो?”

प्रितम म्हणाला, “आये, तिनंच तुजा खांदा...”

“ठाव हाय मना. खांदा माजा हाय.” राहीबाई थांबत थांबत बोलत होत्या. “तुजा बापूस होडी शिकला तवा दोनदा बुडवली त्यानं. दुसऱ्याची होडी. परत हात न्हाय लावीत बोलला असता तर तुमाला काय खायाला घातला असता? बोलव तिला.”

धम्मदिना ओल्या हातांनी बाहेर आली. ती माफीचे शब्द जुळवत होती. राहीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हात पुस आन उठव मना.” तिनं पट्टा बांधला. मृणाली दोन हात अंतरावर उभी होती, पण पुढे आली नाही. प्रितम श्वास धरून बघत होता. राहीबाई उठल्या, बसल्या. कुठं काही दुखलं नाही.

आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येऊन भागणारं नव्हतं, रोज व्यायाम व्हायला हवा होता. राहीबाईंचं गाव धम्मदिनाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. मृणालीनं विचारलं, प्रितमनं मान डोलावली, आणि धम्मदिना संध्याकाळी घरी जाताना तिथं उतरू लागली. पहिल्या दिवशी राहीबाईंच्या सुनेनं ओटीवरच चटई टाकली, म्हणाली, इथंच घ्या काय व्यायाम घ्यायचा तो. खारबावचे बौद्ध म्हणजे कोण, हे त्या घराला सांगायला नको होतं, आणि ओटी म्हणजे काय हे धम्मदिनाला. ती काही न बोलता चटई सारखी करू लागली. आतून राहीबाई म्हणाल्या, “मी पलंगावर आन ती ओटीवर, तर पाय काय तार बांधून हलवनार हाय? आत ये पोरी.” ती आत गेली. त्यानंतर तो विषय निघाला नाही. सून हळूहळू चहा आणून शेजारी बसू लागली, कसं धरायचं ते विचारू लागली.

पण पाय काही हलेना. थंडी सरली, होळी झाली. तोच पाय, तीच खाट, तेच ‘उचला आजी, मनानं तरी उचला.’ राहीबाई आधी प्रयत्न करत, मग नुसतं हूं म्हणत. एका संध्याकाळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “जा तू. मेलेला पाय हाय, त्याला कशाला छलतंस.”

दुसऱ्या दिवशी धम्मदिनानं मृणालीला विचारलं, “मॅडम, आपण त्यांना खोटी आशा तर लावत नाही ना?”

मृणाली शेकाच्या पिशव्या मोजत होती, ती थांबली. “पूर्वीसारखं होईल, असं मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. हात बहुतेक यायचा नाही. पाय येईल असं मला वाटतं, पण खात्री मलाही नाही. केल्याशिवाय कळत नाही, आणि करताना तर काहीच कळत नाही. हे असंच असतं, ताई.” मग तिनं विचारलं, “त्यांना काय करायचंय? चालायचंय, हे आपण म्हणतो. त्या काय म्हणतात?”

हे धम्मदिनानं कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं विचारलं. राहीबाईंनी तोंड भिंतीकडून वळवलं. मग म्हणाल्या, “वैशाखान क्षितिजाचा लगीन हाय.” क्षितिजा म्हणजे प्रितमची थोरली मुलगी. “सगल्या गावच्या पोरी मी मांडवान उभ्या केल्या. माज्या नातीला धवला दुसरीनं बोलायचा? मी खाटेवरना आयकायचा?”

“तुम्हाला आवाज काढता येतो का, आजी?”

राहीबाईंनी तिच्याकडे रागानं बघितलं आणि आवाज लावला. जीभ अडखळत होती, पण चाल चुकत नव्हती. आणि गाताना त्यांची पाठ ताठ झाली. बसल्या बसल्या डावीकडे कलणारं अंग सरळ झालं.

धम्मदिनानं हे मृणालीला सांगितलं, तशी ती रविवारी स्वतः गावात आली. तिनं राहीबाईंना गायला लावून नीट पाहिलं आणि व्यायामाची सगळी मांडणीच बदलली. गाण्याच्या ठेक्यावर भार डावीकडे, ठेक्यावर उजवीकडे. ओळ संपली की उठायचं, पुढची संपली की बसायचं. “ठेका धरून केलं की शरीराला सोपं जातं,” ती धम्मदिनाला म्हणाली, “आणि त्यांना कंटाळा यायचा नाही, हे त्याहून मोठं.” शेजारच्या बाया दारात जमू लागल्या. व्यायाम आहे की हळदीची रात्र, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

भार टाकताना धम्मदिना आपला तळहात राहीबाईंच्या डाव्या पावलाखाली ठेवायची. मृणालीनंच सांगितलं होतं, डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. गुढीपाडवा होऊन गेल्यानंतरच्या एका संध्याकाळी गाणं चालू असताना तिच्या तळहाताला काहीतरी लागलं. दाब म्हणावा इतकंही नव्हतं. झोपलेल्या बाळानं बोट धरावं तसं.

“आजी, परत करा.”

“काय करू?”

“आत्ता केलंत ते.”

“मी काय केला?”

“माहीत नाही. परत गा.”

राहीबाई परत गायल्या. परत दाब आला. धम्मदिनानं घरात कुणाला सांगितलं नाही. आपल्या मनाचे खेळ असले तर काय घ्या. दुसऱ्या दिवशी मृणालीनं तळहात ठेवून खात्री केली, डोळे मिटून, कितीतरी वेळ. मग म्हणाली, “आहे.” एवढंच. पण जाताना गाडीत बसल्यावर तिनं रुमालानं डोळे पुसले, ते धम्मदिनानं पाहिलं.

तिथून पुढेही सगळं सरळ झालं नाही. पाय यायचा, दोन दिवस पुन्हा झोपायचा. एकदा राहीबाई दारात घसरल्या, पण धम्मदिना डाव्या बाजूला होती; दोघी हळूच खाली बसल्या, कुणाला लागलं नाही. अंगणात चार पावलं झाली, मग विहिरीपर्यंत, मग शेजारच्या दारापर्यंत.

वैशाखात मांडव उभा राहिला. घरापासून मांडवापर्यंत राहीबाईंनी चालत जायचं ठरलं. उजव्या हातात काठी, डावीकडे धम्मदिना. उंबऱ्यापाशी नात्यातली एक बाई पुढे झाली आणि म्हणाली, “मांडवान जायाचा हाय, आपल्यातली कुनीतरी धरा तिला.” धम्मदिनाचा हात सैल पडू लागला. राहीबाईंना तो पट्ट्याशी सैल पडलेला जाणवला असणार.

“तुमी धरल्यान तर खाली पाराल मना,” त्या म्हणाल्या. “हिला ठाव हाय कुठं धरायचा. चल गो.”

त्या चालल्या. फार हळू, प्रत्येक पावलाआधी थांबत. वाजंत्री थांबली होती. मृणालीही लग्नाला आली होती. ती बायकांच्या मागे उभी राहून धम्मदिनाचे पाय बघत होती, राहीबाईंचे नाही. मांडवात खुर्ची ठेवली होती. राहीबाई बसल्या, दम घेतला आणि आवाज लावला. क्षितिजा मान खाली घालून रडत होती. पहिले एक-दोन धवले झाले आणि आवाज थकला. मग शेजारच्या गावच्या रंगूबाईंनी गाणं उचललं. राहीबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्या ओठांतल्या ओठांत साथ करत राहिल्या आणि रंगूबाई एके ठिकाणी चुकल्या तेव्हा काठी आपटून दुरुस्त करत्या झाल्या.

राहीबाईंचा डावा हात शेवटपर्यंत आला नाही. पण त्या नंतर कित्येक लग्नांना चालत गेल्या. धम्मदिना कधी वाट वाकडी करून त्यांच्याकडे डोकावायची. एकदा राहीबाई म्हणाल्या, “तू मना चालवलास, पोरी.”

“आजी, तुम्ही मला शिकवलंत. तुमच्या खांद्यावर शिकले मी.”

“हां,” राहीबाई म्हणाल्या, “तो अजून दुखतंय.” आणि दोघी हसत सुटल्या.

धम्मदिना निजामपुऱ्यात राहिली. बाया तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागल्या, तर ती लगेच थांबवायची. काय झालंय ते मॅडम ठरवतात, मी हात लावते, असं सांगायची. ते विनयानं नव्हे. कुठपर्यंत आपल्याला कळतं आणि कुठून पुढे कळत नाही, ही रेघ तिला मृणालीनं पहिल्यापासून आखून दिली होती, आणि तिच्या शिक्षणातला तोच भाग तिला सर्वांत मोलाचा वाटायचा.

दोन हजार नऊ साली मृणालीनं अंबाडीला आठवड्यातून दोन दिवस बसायला सुरुवात केली. भिवंडी-वाडा रस्त्याच्या नाक्यावर एक खोली घेतली. धम्मदिनाचं माहेर तिकडचं. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून खाटा लावल्या, चादरी घातल्या आणि वाट बघत बसल्या. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग तुळशीराम नावाचा एक गवंडी आला. त्याच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं आणि कोपर काटकोनात अडकून बसलं होतं. मृणालीनं तपासलं, किती ताण द्यायचा ते सांगितलं आणि धम्मदिनाकडे वळून म्हणाली, “तुम्ही सुरू करा.”

तुळशीराम दात आवळून म्हणाला, “बाई, हा सरळ होनार का?”

“पूर्ण होईल की नाही ते मी नाही सांगू शकत,” धम्मदिना म्हणाली. “दुखलं की सांगा, मी थांबेन. पण उद्यापासून रोज घरीही करायचं. मधे सोडायचं नाही.”

संध्याकाळी खोलीला कुलूप लावून दोघी नाक्यावर बस थांबते तिथं उभ्या राहिल्या. मृणालीनं दोन वडापाव घेतले. खाता खाता धम्मदिना म्हणाली, “मॅडम, एक बोलायचं होतं. त्या दुपारी तुम्ही मला काढलं असतं, तर कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती.”

मृणालीला कुठली दुपार ते विचारावं लागलं नाही. “काढलं असतं तर दुसरी कुणीतरी आली असती,” ती म्हणाली, “आणि तिनंही कधीतरी कुणाचा तरी हात ओढलाच असता. मीही ओढलाय, शिकत असताना. माझ्या सरांनी मला काढलं नाही.”

हे धम्मदिनाला माहीत नव्हतं. तिनं हातातला घास खाली घेतला. इतकी वर्षं तिनं मनात एकट्या मृणालीचेच उपकार मानले होते. आता तिच्या लक्षात आलं की त्या उपकारांच्या मागे आणखी कुणीतरी आहे, कुठल्यातरी इस्पितळातले सर, ज्यांना ती कधी बघणार नाही, आणि त्यांच्याही मागे कुणी असेल. तिनं मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला हात जोडले.

“काय नाव होतं त्यांचं?” तिनं विचारलं.

मृणालीनं सांगितलं, आणि बस येईपर्यंत ती आपल्या सरांविषयी बोलत राहिली. धम्मदिना ऐकत होती.